आधी आवाज काढून दाखव

"आधी तोंडानं आवाज काढून दाखव. मंग बॉनेट."

हे वाक्य ऐकल्याशिवाय काशीमीऱ्याच्या त्या गॅरेजात कुणाची गाडी आत गेली नाही. मेस्त्री चिंध्यांच्या ढिगातून एक फडकं ओढायचे, एकेक बोट पुसायचे आणि तुमच्या समोर, जरा जास्तच जवळ येऊन उभे राहायचे. गाडीकडे बघायचे नाहीत. दातांचा डॉक्टर बघतो तसे तुमच्या तोंडाकडे बघायचे. मग सुटका नसायची.

तुम्ही कधी भर रस्त्यात, चार लोकांसमोर, गाडीचा आवाज तोंडाने काढलाय? एकदा काढून बघा. रोज ऐकतो म्हणून सोपं वाटतं, पण तोंड उघडल्यावर काय बाहेर पडेल याचा नेम नसतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडीला फॅनबेल्टचा आवाज होता आणि माझ्या तोंडातून बकरी निघाली. शेजारच्या पंक्चरवाल्याने हातातलं टायर खाली ठेवलं आणि नीट बघायला लागला. मेस्त्री हसले नाहीत. "परत," म्हणाले. "ओठ उघड जरा. लाजतो कशाला, लगीन हाय काय तुजं?"

मी काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनमध्ये माल रवाना करायचं काम बघतो. कुठली पिकअप कुठे जाणार, कोण चालवणार, कुठली बंद पडली, हे सगळं माझ्या डोक्यावर. आमचं घर मुर्ध्याचं. एके काळी घरचं मिठागर होतं, आता आम्ही लोकांचे खोके मोजतो. मेस्त्री घोडबंदरचे कोळी. मी मुर्ध्याचा म्हटल्यावर त्यांनी मला माझ्या नावाने कधीच हाक मारली नाही. कायम "मुर्धेकर". आणि कायम "तू". त्यांच्या बोलीत "तुम्ही"ला फारसं काम नव्हतं. बँकेचा मॅनेजर असो नाहीतर ट्रकचा क्लीनर, सगळे एका रांगेत.

आवाज काढण्यातही कुणाला सूट नव्हती. हायवेवरच्या एका हॉटेलचा मॅनेजर टाय लावून यायचा. त्याने बिचाऱ्याने एकदा फोनवर आवाज रेकॉर्ड करून आणला. मेस्त्रींनी फोन बाजूला सारला. "हा डबा काय बोलतो मना कलत न्हाय. तू बोल." शेवटी त्याने टाय सैल केला आणि काढला आवाज. एक कापडाचे व्यापारी होते, मोठे अब्रूदार गृहस्थ. ते मेस्त्रींना हाताला धरून पत्र्यामागे न्यायचे आणि तिथे काढायचे. आम्हाला फक्त ऐकू यायचं. कंटेनरवाला एक ड्रायव्हर मात्र असा कलाकार होता, की त्याने गिअरबॉक्सचा आवाज काढला आणि ट्रेलरखाली झोपलेली कुत्री उठून पलीकडे गेली. मेस्त्रींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "क्या बात हाय," म्हणाले. "आधा काम तूने कर दिया."

समोरच्याला जमलंच नाही, तर मेस्त्री स्वतः एकेक नमुना काढून दाखवायचे. "असा, का असा?" सैल बेल्टचा वेगळा, घासलेल्या ब्रेकचा वेगळा, बेअरिंग गेलेल्या चाकाचा वेगळा. टायमिंग चेनचा आवाज काढताना ते जीभ टाळूला लावून अशी काही थरथरवायचे, की पंक्चरवाला मान वर करून आलेली गाडी शोधायचा. मी गोडाऊनमधून दोन मिनिटांसाठी म्हणून जायचो आणि तासाने परत यायचो. माझ्या साहेबांना वाटायचं, मी गाड्यांची काळजी घेतोय.

त्यांची दुसरी रीत चावीची.

टायमिंग चेन म्हणजे इंजिनाच्या पोटातली साखळी. खालचा दांडा आणि वरचे वॉल्व एकमेकांच्या तालात राहावेत म्हणून ती फिरत असते. ती ताणून धरायला टेन्शनर असतो. कपडे वाळत घालायची दोरी सैल पडली की आपण खुंटीला आणखी एक वेढा देतो ना, तेच काम तो चालत्या गाडीत करत असतो. तो थकला की साखळी लोंबते, झाकणावर आपटते, आणि एखाद्या दिवशी एक-दोन दात घसरते. मग वॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन आतल्या आत मोडतं. म्हणूनच टायमिंग खोललेल्या गाडीला चुकून जरी कुणी सेल मारला तरी संपलं. गॅरेज रस्त्याकडेचं. ज्याची गाडी तो येतो, आत बसतो, सहज चावी फिरवतो. म्हणून मेस्त्री चेनचं झाकण उघडण्याआधी चावी काढून काळ्या दोऱ्यात ओवायचे आणि गळ्यात घालायचे.

"टायमिंग खोललेल्या गाडीची चावी माज्या गल्यात. ती बंद होईल तवा निघल."

आणि ती खरंच निघायची नाही. ते तिच्यासकट जेवायचे, तिच्यासकट घरी जायचे. घोडबंदरला त्यांच्या पुतण्याची हळद होती. काम अर्धं राहिलं होतं आणि हळद काही थांबणार नव्हती. त्या हळदीचे फोटो मी पाहिलेत. पांढरा शर्ट, डोक्याला हळद, गळ्यात सोन्याची जाड साखळी आणि तिच्यावर काळ्या दोऱ्यात एका टेम्पोची चावी. बँडवाल्यांसमोर हात वर करून नाचतायत आणि चावी कानापर्यंत उडतेय. बायको म्हणाली होती, "निदान शर्टाच्या आत तरी घाला." तर म्हणाले, "आत घातली तर लोकांना कसा कलल गाडी खोललेली हाय?" हळदीतल्या कुणाला कळून काय करायचं होतं, ते देव जाणे.

अशा माणसाचं सगळं हसण्यावारी जातं, आणि आम्हीही ते तसंच नेलं. तोंडाने आवाज काढायला लावणं ही त्यांची मजा आहे, असं अख्खं काशीमीरा समजून होतं. मीसुद्धा. आमच्या काकीची पिकअप येईपर्यंत.

काकी म्हणजे मुर्ध्यात आमच्या शेजारची. नात्याची नाही, पण लहानपणापासून तिच्या घरचं जेवलोय. नवरा गेल्यावर तिने अंगावरचं सोनं मोडलं आणि एक जुनी पिकअप घेतली. पहाटे बंदरावरून मासळी उचलायची, बर्फात घालायची आणि उजाडायच्या आत बाजारात पोचवायची. तिचीच नाही, वाडीतल्या आणखी बायकांच्या टोपल्याही तिच्याच गाडीत. त्या गाडीवर तिचं घर चालतं आणि त्या गाडीमुळे तिला वाडीत आवाज आहे. गाडी दोन दिवस उभी राहिली तर बायका दुसऱ्याच्या टेम्पोत टोपल्या टाकतात, आणि एकदा गेलेल्या टोपल्या परत येत नाहीत. तेव्हा तिला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. ड्रायव्हर ठेवला होता.

गाडी आवाज करायला लागली. काकीने मला विचारलं, मी मेस्त्रींचं नाव सांगितलं. ड्रायव्हर गाडी घेऊन गेला. मेस्त्रींनी बोटं पुसली, समोर उभे राहिले, आवाज काढ म्हणाले. ड्रायव्हरने काढला, "खळ्ळ खळ्ळ खळ्ळ."

मेस्त्रींनी दोनदा काढून घेतला आणि निर्णय दिला. पिकअपच्या मागच्या फाळक्याला दोन साखळ्या असतात, फाळका आडवा सोडला की तोलून धरायला. त्या पत्र्यावर आपटतायत, म्हणाले. त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापली, दोन्ही साखळ्यांवर चढवली आणि हात झटकले. खरं सांगायचं तर ड्रायव्हरने काढलेला आवाज अगदी तसाच होता. मी ऐकला असता तरी फाळकाच म्हटलं असतं.

पण काकीचं समाधान होईना. "आवाज जात न्हाय रे," ती मला म्हणाली. "सकाली पयल्यांदा चालू केली का येतो, मंग गरम झाली का जातो. फालका काय गरम होतो?" मी म्हटलं, तूच चल. आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी गॅरेजात लावली, म्हणजे सकाळी इंजिन पूर्ण थंड मिळेल. सकाळी आम्ही दोघं गेलो. मेस्त्री आधीच आले होते. त्यांनी मागे जाऊन फाळक्याच्या साखळ्या ओढून पाहिल्या, ट्यूब शाबूत होती. मग बॉनेट उघडलं, हात इंजिनाच्या झाकणावर ठेवला आणि मला म्हणाले, "मार सेल."

मी चावी फिरवली. इंजिन लागलं, आणि लागताक्षणी आतून असा खरखराट सुटला, की टपरीवर चहा पिणाऱ्या माणसाने वळून पाहिलं. कुणी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवतंय असा. काकीने पदर तोंडाला लावला. मी काचेतून मेस्त्रींकडे बघितलं.

मेस्त्री हसत होते. अगदी समाधानाने. म्हणाले, "बग, गेला ना आवाज?"

खरखराट चालूच होता. ते आमच्याकडे आळीपाळीने बघत होते, शाबासकीची वाट बघावी तसे. ती आली नाही, तेव्हा हसू हळूहळू उतरलं. त्यांनी काकीच्या तोंडाकडे बघितलं. पदर होता. मग माझ्या तोंडाकडे. आणि त्या क्षणी मला इतक्या वर्षांचं सगळं कळलं. तो टायवाला, तो कापडाचा व्यापारी, माझी बकरी. मजा वगैरे काही नव्हती. त्यांना ऐकूच येत नव्हतं.

मी गाडी बंद केली. मला त्यांचा राग आला नाही, पण काकीकडे बघवेना. तिला इथे मीच आणलं होतं.

मेस्त्री पाटावर बसले. फडकं हातातच होतं. "बोटीवर होतो," म्हणाले. "जवान होतो तवा इंजिनाच्या उशाला झोपायचो. त्यानी कान खाल्ले. बोलणा येतो मना, जाडा आवाज येतो. बारीक येत न्हाय. चेनचा तर बिलकूल न्हाय." मग माझ्या तोंडाकडे बोट करून, "माणसाच्या तोंडातून आला का कलतो. ओठ दिसतात ना."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण सांगायची गरजही नव्हती. मेस्त्रीचे कान गेलेत हे एकदा हायवेवर पसरलं, की त्या गॅरेजापुढे कोण गाडी लावणार? इथे तर पंचवीस पावलांवर दुसरं गॅरेज आहे, आणि सगळ्यांचे कान शाबूत. माणूस पाटावर बसून फडक्याच्या घड्या घालत होता आणि ते तो एका मासळीवालीपुढे बोलून बसला होता. मासळी बाजारात बोललेलं दुपारपर्यंत भाईंदरला पोचतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मग त्यांनीच काकीला सांगितलं, "बाय, तुजी गाडी दुसरीकडं ने. साखली सैल हाय, टेन्शनर गेलंत. हा फालक्याचा काम न्हाय. झाकणाला हात लावला तवा मना थरथर वेगली लागली, पण मना वाटला थंडीची असल. मी चुकलो. घसरली असती तर तुजा इंजिन गेला असता."

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचं डोकं बाजारात चालतं तसं चालत होतं, हे मला दिसत होतं. समोरच्या टोपलीत काय ताजं आणि काय शिळं, हे ती फार चटकन ओळखते. मला वाटलं, आता उठणार. ती म्हणाली, "बदलता येतंत ना तुमाला ते?"

"बदलायला काय. डोले मिटून बदलीन."

"मंग डोले उघडे ठेवून बदला. कान माजे हायत ना. खोला."

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. ते उठले, चावी काढली, काळ्या दोऱ्यात ओवली आणि गळ्यात घातली. त्या दिवशी ती त्यांनी शर्टाच्या आत घातली.

मी गोडाऊनमध्ये जाऊन येऊन होतो. काकी हलली नाही. उलटा ठेवलेला मासळीचा क्रेट आणला, त्याच्यावर बसली. वाडीतल्या बायकांना फोन करून सांगून टाकलं, उद्याच्या टोपल्या माझ्याच गाडीत जाणार, कुणी दुसऱ्याला बोलायचं नाही. हे सांगताना तिचा आवाज नेहमीचाच होता, पण फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या उघड्या इंजिनाकडे बघत बसली.

आणि मेस्त्रींचे हात. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पुढचं झाकण निघालं तेव्हा साखळी दिसली, तेलकट, लोंबलेली, आणि तिने आतल्या बाजूला घासून पाडलेला चर. मेस्त्रींनी तो चर काकीला बोट लावून दाखवला, जणू आवाज तिथे लिहिलेला होता. मग दांड्यावरची खूण आणि वरच्या चक्रांच्या खुणा एकमेकींसमोर आणल्या, चक्रं अडकवून ठेवली, आणि जुने टेन्शनर काढले, या इंजिनात दोन असतात. दोन्ही ढिले पडले होते, बोटाने दाबले तर आत जाऊन तिथेच बसत होते. साखळीही नवी, ती ज्यांच्यावरून सरकते त्या पट्ट्याही नव्या. नवा टेन्शनर येतो तेव्हा तो दाबून, त्यात एक छोटी पिन घालून बंद केलेला असतो. जागेवर बसवायचा आणि मग पिन ओढायची, की तो पुढे सरकून साखळीला टेकतो. मेस्त्रींनी पिन ओढताना डोळे मिटले होते. बोट साखळीवर होतं. टेकला, तसं त्यांनी मान हलवली.

मग लगेच सेल नाही. पाना लावून त्यांनी इंजिन हाताने फिरवलं, सावकाश, पूर्ण, परत एकदा पूर्ण, आणि खुणा पुन्हा समोरासमोर आल्या का ते पाहिलं. आल्या. झाकण बसलं, तेल भरलं. ऊन उतरलं होतं. मेस्त्रींनी चावी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली आणि काकीला बॉनेटपाशी बोलावलं. एक लांब स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. टोक झाकणावर, मूठ कानावर.

"बाय, आयक. पयल्यांदा थोडा आवाज येल. नव्या टेन्शनरात तेल पोचायला वेल लागतो. घाबरायचा न्हाय. पण मंग तो थांबला पायजे. तू तोंडानी काढत रा. तिकडं आवाज हाय तवर इकडं पण आवाज. थांबला का तोंड मिट."

काकी आयुष्यात कुणासमोर लाजलेली नाही. तिने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, मेस्त्री तिच्या डावीकडे, हातभर अंतरावर उभे राहिले, आणि मी सेल मारला.

इंजिन लागलं. काकीच्या तोंडातून आवाज निघाला, "चर्रर्रर्र." हुबेहूब. इंजिनाचा आणि तिचा एकच. मेस्त्री तिच्या ओठांकडे बघत होते. तसं बघणारा माणूस मी नंतर कधी पाहिला नाही. काकीचं "चर्रर्र" चालूच. मला वाटलं, फार वेळ झाला. मेस्त्रींनाही वाटलं असावं, कारण त्यांचा हात आपोआप छातीवर गेला, जिथे चावी असायची. आणि मग इंजिनातली खरखर विरली आणि काकीने तोंड मिटलं.

घट्ट मिटलं. ओठ आत ओढून, लहान मुलं औषध नको म्हणून मिटतात तसं. आणि तशीच मेस्त्रींकडे बघत राहिली.

मेस्त्री खाली बसले आणि फडक्यात तोंड घालून रडले. मी काय करावं न कळून गाडी चालूच ठेवली. पंक्चरवाल्याने विचारलं, "क्या हुआ?" काकी त्याला म्हणाली, "कुछ नहीं. आँख में तेल गया."

दुसऱ्या दिवशी टोपल्या तिच्याच गाडीत गेल्या.

तुम्हाला वाटेल, ही गोष्ट वाडीभर झाली असेल. काकी कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते बंदरावर उतरायच्या आत सांगते. हे मात्र ती कुणालाच बोलली नाही. मीही नाही. मेस्त्रींचं "आधी तोंडानं" चालूच राहिलं, आणि लोकांची मजाही. फक्त चेनचं काम निघालं की मेस्त्री मला फोन करायचे. "मुर्धेकर, काकीला बोल, उद्या बाजारातून येताना वाट वाकडी करून ये." ती यायची. गाडीवाल्याला वाटायचं, मासळी द्यायला आली. ती स्क्रूड्रायव्हर कानाला लावायची, तोंडाने आवाज काढायची आणि शेवटी तोंड मिटायची. मेस्त्री डावीकडे उभे. कुणी विचारलं तर सांगायचे, "हिला शिकवतो." त्या येण्याजाण्यात तिने त्यांच्याकडून गाडी चालवायलाही शिकून घेतलं आणि ड्रायव्हर काढून टाकला. गिअर बदलताना ती अजूनही तोंडाने आवाज करते. तिला माहीत नाही, पण करते.

मेस्त्री गेले ते झोपेत. सकाळी घोडबंदरहून फोन आला. आदल्या दिवशी त्यांनी आमच्या गोडाऊनची पिकअप घेतली होती, चेनचीच. नवे टेन्शनर बसले होते, पिना निघाल्या होत्या, झाकण तेवढं उघडं होतं. काकी येणार होती ती त्या सकाळी.

सगळं आटोपल्यावर, बाराव्यानंतर, मी त्यांच्या घरी गेलो. चावीबद्दल कसं बोलावं ते सुचेना. त्यांच्या बायकोनेच आतून काळा दोरा आणला. तो त्यांच्या गळ्यातून तिनेच काढला होता. मी हात पुढे केला, पण तिने दिला नाही.

"गाडी खोललेली हाय ना अजून?"

"हो."

"मंग? बंद कोन करनार?"

मी पलीकडच्या गॅरेजवाल्याचं नाव सांगितलं. तिला ते पसंत नव्हतं हे दिसत होतं. मग तिने दोरा माझ्या हातात दिला नाही, गळ्यातच घातला. "बंद होईल तवा काढा," म्हणाली.

मी घोडबंदरहून काशीमीऱ्यापर्यंत ती चावी गळ्यात घालून आलो. बसमध्ये एकाने बघितलं. मी शर्टाच्या आत घातली नाही.

पलीकडचा मेकॅनिक तरुण आहे, हुशार आहे, काम नेटकं आहे. त्याने खुणा तपासल्या, हाताने इंजिन फिरवून पाहिलं, झाकण लावलं. काकीला मी बोलावलं नव्हतं. ती आली. बाजाराच्या साडीतच. तिने मेस्त्रींच्या हत्यारांतून तो लांब स्क्रूड्रायव्हर काढला आणि बॉनेटपाशी जाऊन उभी राहिली. मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राहू दे. मी चावी गळ्यातून काढली आणि सेल मारला.

"चर्रर्रर्र," काकी म्हणाली.

आवाज थांबला. मेकॅनिकला तो स्वतःच्या कानांनी ऐकू आला होता. त्याने हात पुसत म्हटलं, "हो गया सेठ. एकदम मक्खन," आणि तो वळून आपल्या गॅरेजकडे निघालासुद्धा.

काकीने तोंड घट्ट मिटलं होतं. ती डावीकडे वळली, हातभर अंतरावर, जिथे कुणी नव्हतं, आणि मिटलेलं तोंड तसंच दाखवत राहिली. मी गाडी बंद केली नाही.